समितीचे शनिवार

दादासो मारकडांचं नाव समितीत गेलं ते त्यांना न विचारता. प्रत्येक गावात बाल संरक्षण समिती असली पाहिजे, असा कागद वरून आला होता. तिच्यात सरपंच, अंगणवाडीताई, शाळेचा एक मास्तर आणि गावातली दोन जाणती माणसं हवी होती. ग्रामसेवकानं बसल्या जागी दोन नावं लिहिली. एक ऊसवाले रणजितराव, दुसरे दादासो. यादी फाइलला लागली आणि फाइल कपाटात गेली. आपण अशा कुठल्या समितीवर आहोत हे दादासोंना कळलं तेव्हा तीन-चार वर्षं उलटली होती, आणि गावातलं एक सतरा वर्षांचं पोरगं मेलं होतं.

खोरवाडी हे निरवांगीच्या पलीकडचं, माळाला टेकलेलं गाव. दादासोंचे वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर असत. दादासोंनी मात्र दहावी केली, आयटीआय केलं आणि बाविसाव्या वर्षी वीज खात्यात वायरमन म्हणून चिकटले. चौतीस वर्षं त्यांनी आठ गावांच्या तारा सांभाळल्या. आधी सायकलवर, मग एका जुन्या लुनावर. शहाण्णव सालच्या एका झटक्यानं उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. त्या बोटांनी त्यांना शर्टाचं बटण लावता येत नसे, ते काम गोजरबाई करत. एकुलती एक मुलगी सोनम बारामतीला दिली होती. निवृत्तीनंतर दादासो सकाळी शेरडांना चारा टाकायचे, अकराला चावडीपाशी बसायचे. बोलणं मुळात कमी. पण कुणाची मोटर जळाली, मीटर अडलं, की माणूस अजूनही त्यांच्याच दारात येई.

त्या मेलेल्या पोराचं, दीपकचं, प्रकरण दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीतलं. त्या भागात पाण्याच्या मोटरींच्या केबली आणि डीपीतलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधलं, तांबं चोरायची लागण झाली होती. रणजितरावांच्या मळ्यातली डीपी फोडायला तिघं गेले. त्यातला एक बावीस वर्षांचा, इंदापूरकडचा, त्यानंच बाकीच्यांना गोळा केलेलं. दुसरा बनाबाईचा दीपक. तिसरा रतनचा ऋषिराज, सोळा वर्षांचा. दीपक खांबावर चढला आणि वरच चिकटला. मोठा पळून गेला. ऋषिराज पळाला नाही. उजाडल्यावर पाणी द्यायला आलेल्या गड्याला तो खांबाखाली बसलेला दिसला. त्याला उठवायला दोन माणसं लागली.

मोठ्याला तुरुंगात टाकलं. ऋषिराज दोन महिने पुण्याच्या निरीक्षणगृहात राहिला आणि बाल न्याय मंडळानं त्याला आईच्या हवाली केलं, दोन वर्षांच्या देखरेखीवर. देखरेख गावातल्या समितीनं करायची होती.

हे सांगायला उत्कर्षा मॅडम आल्या. त्या परिविक्षा अधिकारी होत्या, म्हणजे अशा सुटलेल्या मुलांवर सरकारतर्फे लक्ष ठेवणाऱ्या. वय तिशीच्या आत, एकटीकडे तीन तालुके. त्यांनी ग्रामपंचायतीत पाचही जणांना बसवून कागद वाचून दाखवला. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी मुलाला बोलवायचं, चौकशी करायची, काहीतरी काम शिकायला लावायचं, गावाच्या उपयोगाचं काम करून घ्यायचं आणि तीन महिन्यांनी अहवाल द्यायचा. शिक्षा देणं तुमचं काम नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तो पुन्हा तिकडे वळू नये, एवढं बघा.

रणजितराव तोवर गप्प होते. डीपी फुटल्यावर दुसरी यायला सव्वीस दिवस लागले होते आणि त्यांची तीन एकर मका उभी वाळली होती.

"मका गेली ती मी इसरंन, मॅडम," ते म्हणाले. "पन ह्यो उद्या गावात ताठ मानंनं फिराय लागला, तर बाकीच्या पोरांनी काय समजायचं?"

मॅडमनी उत्तर दिलं, पण ते रणजितरावांपर्यंत पोचलं असं दिसलं नाही.

पहिल्या शनिवारी ऋषिराज आईबरोबर आला. रतन डाळिंबाच्या पॅकिंगला जाई, त्या दिवशी खाडा करून आली होती. पोरगं दारापाशी उभं राहिलं. खोलीत उकडत होतं म्हणून सरपंच म्हणाले, ते बटण दाब की, फॅन लाव. ऋषिराज बटणाकडे बघत राहिला. मग बाहेर गेला आणि प्रतिक्षाताईंना, म्हणजे अंगणवाडीताईंना, तुम्ही लावता का म्हणाला. बाकीच्यांना तो आगाऊपणा वाटला. दादासोंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. तो हात पँटच्या शिवणीला घट्ट धरून होता. अशी माणसं त्यांनी पाहिली होती. झटका बसलेली नाही, दुसऱ्याला बसताना पाहिलेली. नंतर रतननं सांगितलं की घरातसुद्धा तो बटणाला हात लावत नाही, अंधारात बसून राहतो.

त्याच दिवशी बनाबाई आली. हाक न मारता दारात उभी राहिली. प्रतिक्षाताईंनी हळू आवाजात विचारलं, तिला आत घ्यायचं का? सगळ्यांनी दादासोंकडे पाहिलं, कारण वयानं तेच मोठे होते.

"नको," दादासो म्हणाले. "आत आली तर दोघांचंबी हाल हुतील."

प्रतिक्षाताई बाहेर जाऊन तिच्याशी काहीतरी बोलल्या. बनाबाई गेली. शेजारी पिठाची गिरणी होती, तिच्या ओट्यावर जाऊन बसली. ऋषिराज जाईपर्यंत ती तिथंच होती. पुढच्या वेळी तिच्या हातात ज्वारीचा डबा होता. त्याच्या पुढच्या वेळीही. शनिवारी दळण असतं तिचं, असं मग सगळ्यांनी धरून चाललं आणि हळूहळू तिच्याकडे बघणंच बंद केलं.

समितीही पातळ होत गेली. सरपंच दोन बैठकांनंतर आले नाहीत. मास्तरांची बदली झाली, नवे मास्तर सही करून जात. प्रतिक्षाताईंना अंगणवाडीची ऑनलाइन माहिती भरायची असे, त्या येत पण मोबाइलमध्ये डोकं घालून बसत. उरले दादासो. आणि नवल म्हणजे रणजितराव. ते रागानं येत, पण येत. खुर्ची भिंतीला टेकवून बसत आणि एक शब्द बोलत नसत.

दादासोंना आधी काय बोलायचं तेच समजेना. पोरगं समोर बसायचं, ते त्याला विचारायचे, जेवलास का, शाळेत गेलास का. तो व्हय म्हणायचा. तासभर असाच जायचा. घरी गेल्यावर गोजरबाईंना ते म्हणत, मला हे जमणारं काम नव्हं. गोजरबाई म्हणत, मग सोडा. सोडत मात्र नव्हते. तो खांबाखाली बसून राहिला, पळाला नाही, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

मग त्यांनी बोलणं सोडलं आणि त्याला कामाला घेतलं. आधी शाळेच्या झाडांना पाणी घालायला. मग ठिबकच्या कामाला. ठिबकच्या नळ्या अंथरणं, जोड बसवणं, गळती शोधणं, यात वीज नव्हती. दादासोंना ते थोडं येत होतं, पोरानं महिन्याभरात त्यांच्या पुढं मजल मारली. नळीला भोक पाडताना त्याचा हात थरथरत नसे. चिखलात गुडघे टेकून काम करताना तो कधीमधी शीळही घाली आणि आपण शीळ घालतोय हे लक्षात आलं की थांबे. त्याच्या अहवालात दादासोंनी लिहिलं, कामात मन आहे. उत्कर्षा मॅडमनी ते वाक्य वाचून फोन केला, आभार मानले. फार कमी ठिकाणी असं होतं, त्या म्हणाल्या.

वर्षभरानं रणजितरावांनीच विषय काढला. त्यांना दीड एकर पेरूला ठिबक करायचं होतं. बाहेरचा माणूस आणण्यापेक्षा ह्यालाच करू दे, म्हणाले. तेही तोंड दुसरीकडे करून. दादासोंना बरं वाटलं. गावानं एक पाऊल टाकलं असं त्यांनी धरलं.

ते काम मार्चमधलं. तीन दिवस दोघं मळ्यात होते. तिसऱ्या दिवशी दादासोंच्या लक्षात आलं, की पोरगं बांधाच्या एका अंगाला जातच नाही. त्या अंगाला नवी डीपी होती. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या आणि दुपार टळत आली होती. दादासोंनी त्याला सावलीला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, राहू दे, त्या दोन मी करतो. त्यावर तो म्हणाला,

"तात्या, डीओ मी पाडलं हुतं."

डीपीवर तीन तारांना तीन फ्यूज असतात, उंच, त्यांना गावात डीओ म्हणतात. लांब बांबूला आकडा लावून ते खालून ओढून पाडतात. तिन्ही पडले म्हणजेच डीपी मेली.

"दोन पडलं," ऋषिराज म्हणाला. "तिसरं अडाकलं. मी काठी दोनतीनदा मारली. मग बघितलं तर खालच्या पेटीवरचा बल्ब गेलेला. मला वाटलं झालं. दीप्यानं वरून इचारलं, तिन्ही पडलं का रं? मी व्हय म्हनलो."

दादासोंना पुढचं सांगायची गरज नव्हती. दोन फ्यूज पडले की खालची लाइट जाते. तिसरा वर असला की डीपीच्या माथ्यावर अकरा हजारांचा दाब तसाच असतो. हे ते आयटीआयच्या पहिल्या वर्षी शिकले होते.

"तू हे कुनाला सांगितलंस?"

"कुनालाच न्हाय." मग कुणाला दोष देण्याच्या सुरात नव्हे, नुसती माहिती सांगावी तसं तो म्हणाला, "लाइट गेली म्हंजी डीपी मेली, असं तुमीच शिकवलं हुतं त्याला. त्यो लई सांगायचा, तात्याचा हात धरून शिकलोय म्हनून."

दादासो मातीकडे बघत राहिले. एक वायरमन, आठ गावं. पेरणीच्या, पाण्याच्या दिवसांत रोज कुठंतरी फ्यूज जाई आणि शेतकरी चार-चार तास वाट बघत. म्हणून त्यांनी नियम सोडून गावोगावच्या माणसांना बांबूनं डीओ पाडायला शिकवलं होतं. साहेबांना ठाऊक होतं, कुणी काही म्हणत नव्हतं. आणि घाईघाईत तेच वाक्य त्यांच्या तोंडी असे, खालची लाइट गेली की झालं. नऊ-दहा वर्षांचा दीपक सुट्टीत त्यांच्या लुनामागं पळायचा. बांबू धरायला मिळावा म्हणून भांडायचा. ते हसून त्याच्या हातात बांबू देत, वरून आपला हात लावत. आकडा कसा अडकवायचा, झटका कसा द्यायचा. सगळं दाखवलं. तिसरा मोजायचा, हे बोलले होते की नाही, त्यांना आठवेना. बोलले असतीलही. नसतीलही.

"मला बनाकाकूला सांगायचं हाय," ऋषिराज म्हणाला. "म्हंजी तिला सांगून टाकायचं हाय. तुमी चला माझ्यासंगं."

दादासोंनी उरलेल्या दोन ओळींकडे पाहिलं. मग म्हणाले, "आत्ता न्हाय. मुदत संपू दे."

त्यांनी कारणं सांगितली. अजून वर्ष बाकी आहे. ही गोष्ट बाहेर फुटली तर पोलीस म्हणतील की मरण ह्याच्या हातून झालं, नवी केस होईल, पुन्हा पुण्याला जावं लागेल. रतनचं काय? आणि बनाबाईला हे ऐकून काय मिळणार, जुनी जखम उकरून? ही सगळी कारणं खरी होती. पण सांगताना दादासोंच्या मनात आणखी एक चित्र होतं, बनाबाईच्या तोंडून गावभर झालेलं, की दादासो वायरमननंच पोराला खांबावर चढायची विद्या दिली. त्या दोन गोष्टींतली कुठली जास्त वजनाची होती, हे त्यांनी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही.

पावसाळ्यात ऋषिराजनं पुन्हा विचारलं. दादासो म्हणाले, थोडं थांब. दिवाळीनंतर पुन्हा विचारलं. दादासो म्हणाले, आता चारच महिने राहिले, कशाला हातचं घालवतोस? त्यानंतर त्यानं विचारलं नाही. शनिवारी यायचा, वेळेवर यायचा, जेवढं विचारलं तेवढं बोलायचा. शीळ घालणं थांबलं होतं. काम करायचा, पण गळती शोधताना एका जागी बसला की बसूनच राहायचा. दादासोंना ते दिसत होतं. अहवालात त्यांनी लिहिलं, वर्तन समाधानकारक. पोरगं कामात जुनं झालं की असंच होतं, असं स्वतःला सांगितलं.

दोन हजार चोवीसच्या एप्रिलमध्ये मुदत संपली. उत्कर्षा मॅडम पेढे घेऊन आल्या. रणजितरावांनीसुद्धा एक पेढा खाल्ला. ऋषिराज तेव्हा अठरा ओलांडून गेला होता. दादासो त्याला म्हणाले, आता तू मोकळा. त्यानं मान हलवली. दादासोंनी मनाशी ठरवलं होतं की मुदत संपली की पोराला घेऊन बनाबाईकडे जायचं. तो विचारील आणि आपण चल म्हणू. पोरानं विचारलं नाही आणि दादासोंनीही तोंड उघडलं नाही. आठ दिवसांनी रतननं सांगितलं की तो बारामती एमआयडीसीत गेला, खोक्यांच्या कारखान्यात, ठेकेदाराकडे. जाताना कुणाला काही सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये बारामतीला समित्यांचा एक मेळावा झाला. मॅडमनी दादासोंना मुद्दाम बोलावलं. दीडशे माणसं होती, सरपंच, अंगणवाडीताया, पोलीस पाटील. व्यासपीठावर त्यांना शाल आणि नारळ दिला. मग मॅडम माइकवर म्हणाल्या की खोरवाडीत एका मुलाला समितीनं कसं उभं केलं ते दादासो तात्या सांगतील. दादासो उठले. माइक हातात घेतला. समोरच्या ओळीत एक बाई वहीत लिहायला पेन उघडून बसली होती. त्यांनी तिच्या पेनाकडे पाहिलं. मग माइक टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. लोकांना वाटलं, म्हातारा भारावला. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या संपेपर्यंत दादासोंनी वर पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी शाल गोजरबाईंच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती, इतकं ते एका बैठकीत कधी बोलले नव्हते. गोजरबाईंनी ऐकून घेतलं. त्यांनी समजूत घातली नाही. एवढंच म्हणाल्या, "मंग जावा की तिच्याकडं. माझ्याकडं कशाला सांगताय?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ते गेले. बनाबाई दारासमोर बसून शेंगा फोडत होती. नवरा मागंच वारलेला, आता घरात ती एकटी. तिनं पोतं पुढं सरकवलं, दादासो त्यावर बसले. आधी त्यांनी स्वतःचं सांगितलं, बांबूचं, लाइटीचं, त्या वाक्याचं. मग ऋषिराजचं. तिसरा डीओ, आणि दीपकनं वरून विचारलेलं. आवाज न चढवता, न थांबता, जसं मीटरचं रीडिंग सांगावं तसं सांगत गेले, कारण थांबले असते तर पुढं जाता आलं नसतं.

बनाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"त्याला मला सांगायचं हुतं?" तिनं विचारलं.

"व्हय. तीनदा म्हनला. मी थांबवलं."

"तुमी थांबवलं," ती म्हणाली. कोंबड्या फोलपटांत चोची मारत होत्या. "दर शनवारी मी हितनं डबा घिऊन जायाची. शेरभर ज्वारी. दर पंधरा दिसाला शेरभर ज्वारी कोन दळतं, तात्या? एकटीला?"

दादासोंनी मान खाली घातली.

"मला वाटायचं, आज त्यो भाईर आला की माझ्याकडं यील. माझ्या पोराच्या जवळ शेवटाला त्योच हुता. काय झालं, कसं झालं, दीपू काय म्हनला का, मला कोन सांगनार? पोलिसानं कागूद दिला, त्यात लिवलंय विजेच्या धक्क्यानं. ते तर मला दिसतच हुतं. दोन वर्स बसले मी त्या वट्यावर. तुमी सगळे माझ्याकडं न बघता जायाचा."

ती रडली नाही. ओरडलीही नाही. दादासोंना वाटत होतं की तिनं काहीतरी फेकून मारावं. तिनं सूप उचललं आणि उठून आत गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. दादासो अर्धा तास तिथंच बसले आणि मग गेले.

चार दिवसांनी ते एसटीनं बारामतीला उतरले आणि रिक्षानं एमआयडीसीत गेले. पाळी सुटायची वेळ होती. फाटकातून मोटारसायकली सुटत होत्या. ऋषिराज चालत बाहेर आला. दाढी आली होती, गाल बसले होते, केसांत पुठ्ठ्याची धूळ. चहाच्या टपरीवर बसून दादासोंनी त्याला सांगितलं की मी चुकलो, आणि ती वाट बघत होती. आधीपासून.

पोरानं चहाचा कप हातात धरला होता, पीत नव्हता.

"आता काय उपेग, तात्या," तो म्हणाला. "तवा माझ्यात दम हुता."

दादासोंनी आग्रह केला नाही. आग्रह करायचा आपल्याला हक्क उरलाय असं त्यांना वाटलं नाही. गावचा पत्ता जणू तो विसरला असावा अशा रीतीनं त्यांनी गाडीच्या वेळा सांगितल्या, रविवारी सकाळी आठला एक, साडेदहाला एक. तो व्हय म्हणाला. उठताना त्यानं चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

रविवारामागून रविवार गेले. दिवाळी झाली. दादासोंनी उत्कर्षा मॅडमनाही फोन करून सगळं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या की तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं, मार्ग काढता आला असता. केस वगैरे मी पाहिलं असतं. मुलाला समोर बसवून, तिलाही बसवून, तयारी करून घेता आली असती. त्या रागावल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या. दादासोंनी समितीतून नाव काढा म्हणून अर्ज लिहिला आणि ग्रामसेवकाकडे दिला. ग्रामसेवकानं तो फाइलला लावला.

जानेवारीत एका रविवारी ऋषिराज आला. एसटीतून उतरला आणि आईकडे न जाता सरळ बनाबाईकडे गेला. गावानं पाहिलं, पण कुणी जवळ गेलं नाही. तासभर तो आत होता. बाहेर आला तो थेट फाट्यावर, आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. रतन धावत फाट्यावर पोचली तोवर गाडी सुटली होती.

दादासो तीन दिवस थांबले आणि मग बनाबाईकडे गेले. तिनं या वेळी पोतं पुढं केलं नाही, पण बसा म्हणाली. ते उंबऱ्याशी टेकले.

"आला हुता," ती म्हणाली. "सांगितलं त्यानं. लई रडला. मी न्हाय रडले."

तिनं दारातली कोंबडी हाकलली.

"मी त्याला माफ केलं, असं कुनाला सांगू नगा. मला तसलं काय वाटलंच न्हाय. त्यो माझ्या पाया पडाय लागला, मी पाय मागं घेतलं. बरं झालं आलास, एवढंबी माझ्या तोंडातनं निघंना. पन दीपूचं शेवटचं बोलनं मला कळलं. तिन्ही पडलं का रं, असं इचारलं त्यानं. म्हंजी जपून हुतं माझं पोर. बेफिकीर नव्हतं. लोक म्हनायचे, बेफिकीर हुतं म्हनून मेलं."

"आन् माझं?" दादासोंनी शेवटी विचारलं.

बनाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमचं मला अजून काय सुचत न्हाय, तात्या," ती म्हणाली. "तुमी आता जावा."

ऋषिराज त्यानंतर गावात आलेला नाही. रतनला फोन करतो, पंधरा दिवसांतून एकदा, थोडं बोलतो. कारखाना बदलला एवढं कळलं. खोलीवर दिव्याचं बटण दाबतो की नाही, हे रतनला माहीत नाही आणि विचारायचं तिला सुचत नाही.

जूनमध्ये ग्रामसेवकानं दादासोंना बोलावलं. पलीकडच्या वस्तीवरची एक पोरगी होती, पंधरा वर्षांची, तिनं भांडणात वर्गातल्या मुलीला जबर मारलं होतं. मंडळाचा कागद आला होता. दादासो म्हणाले, माझं नाव मी काढलंय. ग्रामसेवकानं रजिस्टर उघडून दाखवलं, नाव होतं. अर्ज वर गेलाच नव्हता. दादासो उभ्या उभ्या ते नाव बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की मार खाल्लेल्या मुलीच्या घरी कुणी जाऊन आलंय का? ग्रामसेवक म्हणाला, कागदात तसं काही लिहिलेलं नाही.

दादासो बाहेर आले. ऊन चढलं होतं. मार खाल्लेल्या मुलीचं घरही त्याच वस्तीवर, तीन किलोमीटरवर होतं आणि लुना कधीच मोडीत गेली होती. त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला. आपण तिथं जाऊन काय बोलणार आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आपण जावं की नाही, हेही. तरी पाय त्या रस्त्याला लागले.